दुसरं आभारार्पण

प्रिय पप्पा,

एकाच घरात राहून पत्र लिहितेय म्हणून हसू नका. बोलायला आले की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, नाहीतर कुंड्यांना पाणी घालायला उठता. त्या गुलाबाची मुळं कुजायला आलीत. म्हणून हे तुमच्या डब्याच्या पिशवीत ठेवतेय. डेपोत जेवायच्या सुट्टीत वाचा, तिथे टीव्ही नाही.

माझा प्रवेश झाला, हे मला पाळकसाहेबांच्या तोंडून कळलं. चर्चमध्ये, भर उपासनेत. ‘बंधू प्रभुदास साळवे यांची कन्या एंजल हिला पुण्याच्या नामांकित संस्थेत जनसंवादाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी प्रवेश मिळाल्याबद्दल आभारार्पण रुपये पाचशे एक.’ सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघत होती आणि मी तुमच्याकडे. तुम्ही गीतांचं पुस्तक चाळत होता, जणू तुमचा त्याच्याशी संबंधच नाही. बाहेर आल्यावर रंगुबाईंनी माझ्या मुठीत पन्नासची नोट कोंबली. ‘लई मोठी हो बाय, पन पुन्याला गेल्यावर इसरू नको आमाला.’ त्यांच्या पेन्शनीतली नोट आहे ती, पप्पा. ती मी अजून मोडलेली नाही. मोडू कशी?

हे कुठून सुरू झालं, ते मला माहीत आहे. नोहादादाच्या साखरपुड्याच्या पंगतीत एलिझाबेथ आत्या माझ्या नोकरीवरून म्हणाली, ‘अगं, कांद्याचे भाव वाचायला डिग्री कशाला लागते? तेवढं तर आमचा टेम्पोवाला पण वाचतो.’ सगळे हसले. मीसुद्धा हसले, कारण आत्या अशीच आहे आणि तिच्या हातची बिर्याणी चांगली असते. तुम्ही मात्र हसला नाहीत. दुसऱ्याच दिवशी तुम्ही माझ्या नावाने त्या संस्थेचा फॉर्म देऊन पन्नास हजार भरून टाकले आणि त्याच रविवारी पाळकसाहेबांकडे आभाराची चिठ्ठी दिलीत. देवाचे आभार मानले म्हणजे आता मुलगी माघार घेणार नाही, हा हिशोब तुम्ही बरोबर केलात. बाकीचे हिशोब मात्र मलाच करू दिले नाहीत.

मी ते केले होते, पप्पा. तुमच्यासमोर कागद ठेवला तेव्हा तुम्ही चष्मा काढून ठेवलात आणि म्हणालात, ‘लेकरा, तू फक्त शिक. पैशाचं मी बघतो.’ पण तुम्ही बघितलंच नाहीत. फी नऊ लाख, राहणं-खाणं वेगळं. कर्जाचा हप्ता सात वर्षं महिना सतरा हजारांच्या घरात जातो आणि तो सुरू होईल तेव्हा तुम्ही रिटायर झालेले असाल. त्या संस्थेतून शिकून गेलेल्यांना मी एकेक करून फोन लावले. बहुतेकांना सुरुवातीला अठरा ते बावीस हजार मिळाले, आणि त्यात पुण्यातल्या खोलीचं भाडं. शेवगावची राजनंदिनी तर घरी परत आलीय. लग्नांचे व्हिडिओ एडिट करते आणि हप्ता तिचा भाऊ भरतो. तिने मला एकच सांगितलं, ‘कॉलेज वाईट नव्हतं गं, शिकवलं चांगलं. पण नऊ लाखांचं नव्हतं.’

मग संस्थेला फोन केला. मागच्या वर्षीच्या किती मुलांना नोकऱ्या लागल्या, एवढंच विचारलं. पलीकडची बाई म्हणाली, ‘पॅशन असेल तर पैसा मागे येतोच, मॅडम. सीट फक्त दोन उरल्यात.’ दोन आठवड्यांनी मुद्दाम पुन्हा लावला. तेव्हाही दोनच उरल्या होत्या.

तिचा राग नाही. ती पगारासाठी बोलते. राग तुमचा आहे. आयुष्यभर डेपोच्या स्टोअरमधला एक स्क्रू मोजल्याशिवाय तुम्ही कुणाच्या हातात दिला नाहीत आणि माझ्या पुढच्या सात वर्षांचं काही मोजायचं नाही म्हणता. देव देईल, म्हणता. देईलही. पण माझी लाज वाटून जे घेतलं, त्याचे हप्ते त्याने का भरावेत?

हो, लाज. मी सकाळी चॅनेलवर बाजारभाव वाचते, हे तुम्ही कुणाला सांगत नाही. राहात्याचा एक शेतकरी मला फोन करून विचारतो, ‘ताई, उद्या माल काढू का थांबू?’ मी सांगते की ते मला सांगता येणार नाही, फक्त आजचा भाव आणि कालचा भाव सांगते. तो म्हणतो, ‘तेवढंच बास हाय.’ हे काम मला आवडतं, पप्पा. यातलंच पुढचं शिकायचंय.

उद्या अकरा वाजता बँकेत कर्जाच्या कागदांवर आपल्या दोघांच्या सह्या आहेत. मी येणार नाही. पुण्याची सीट काल रद्द केली. पन्नास हजारांतले निम्मेच परत मिळतील. उरलेले मी दर महिन्याला तुमच्या खात्यात टाकेन आणि तुम्ही ते मुकाट्याने घ्यायचे. नगरच्या कॉलेजात प्रवेश घेतलाय, फी माझ्या पगारातून भरली, तासिका दुपारच्या आहेत, नोकरी सुटत नाही. हे मम्मीला माहीत आहे. तिने मला अडवलं नाही. पण तुम्हाला हे चर्चमध्ये कळू नये, म्हणून हे पत्र. मला तसं कळलं होतं. कसं वाटतं, ते मला माहीत आहे. येत्या रविवारसाठी मीही पाळकसाहेबांकडे चिठ्ठी दिलीय. ‘एंजल प्रभुदास साळवे हिला नगरमध्येच प्रवेश मिळाला आणि तिच्या वडिलांच्या डोक्यावर कर्ज झालं नाही, याबद्दल आभारार्पण रुपये पन्नास.’ नोट रंगुबाईंचीच आहे. त्या दिवशी उपासनेत बायबलचं शास्त्रवाचन तुमचं आहे. तुम्हाला घरी थांबता येणार नाही, हे बघूनच तो रविवार निवडला. मागच्या वेळी सगळ्यांबरोबर मीही मान खाली घालून ‘आमेन’ म्हटलं होतं. या वेळी तुम्ही म्हणा. आणि एलिझाबेथ आत्या मागच्या बाकावर बसते, तिला ऐकू जाईल असं म्हणा.

रागावलेली, तरी तुमचीच,
एंजल