बिनकापसाच्या वाती

सोमवार, ३० ऑक्टोबर २००६
अकोल्याहून निघालो, बडनेऱ्याला उतरलो. ऑटोवाल्याने मनोरुग्णालयाचं नाव ऐकताच मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, कोनाले भेटाले चालले का भरती व्हाले? म्हटलं, अजून ठरलं नाही.

संपादकांची आज्ञा अशी: कपाशीबरोबर माणसांचीही मनं करपताहेत, तर या नव्या खाजगी रुग्णालयावर गोड लेखमाला लिही. मुक्काम इथेच. खिडकीबाहेर तूर फुलली आहे. डॉक्टर मृदुभाषी, मी पाठशाळेत शिकलेला म्हणून मला ‘पंडितजी’ म्हणतात. इथे गोळ्यांसाठी झटापट होत नाही, हे त्यांनी अभिमानाने सांगितलं.

रुग्ण इतके शांत की आमच्या गुरुजींना हेवा वाटावा. व्हरांड्यात सारे अंगठा तर्जनीवर घासत बसलेले. त्रिपुरी पौर्णिमा जवळ आलीय. वाटलं, वाती वळताहेत. कापूस कुठाय, एवढंच विचारायचं राहिलं.

मंगळवार, ३१
वॉर्डबॉय नत्थुजी (बॉयचं वय साठ) म्हणाला, सायेब, तुमी आफिसात जेवा. मी ऐकतो कसला! रुग्णांच्या पंगतीत बसलो, श्लोकही खणखणीत म्हटला. कर्मचारी मात्र घरचे डबे खातात. केवढा हा सोवळेपणा! वरण किंचित कडू. माणिकबाई स्वयंपाकिणीला चिडवलं, मेथीवर फार जीव दिसतो. बाई हसल्या नाहीत.

बुधवार, १ नोव्हेंबर
शेजारी इनायतुल्ला, अकोल्याचे पिंजारी. ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची तार वरणात उतरते, तीच ते कालवून खातात. जीभ बाहेर येते, आत जाते, जणू तिचा मालक दुसराच. मी पाट जरा बाजूला ओढला. ते अडखळत म्हणाले, जिंदगीभर कापूस पिंजला भाऊ, वात कदी वळली नाई. हे बोटं माये नोहेत. मग कोपराने माझी वाटी सांडली. बिचारे! मी हसून पुन्हा वाढून घेतलं.

शुक्रवार, ३
अंगात शिसं भरलंय. उशीवर ओला, आंबूस डाग. माझाच. दुपारी श्लोकात जीभ अडकली.

तिखट मागायला स्वयंपाकघरात गेलो. माणिकबाई खलबत्त्यात पांढऱ्या गोळ्या कुटत होत्या. न लाजता म्हणाल्या, काय करू बाप्पा, थुकतात ना! म्हून वरनात. साऱ्याईले सारख्या. तुमाले नत्थुजीनं सांगतलं होतं ना?

खरकट्याच्या बादलीत ओकलो. मोरीपाशी कुत्री पसरली होती, जिभा बाहेर. एक उठून आलं, बादलीत तोंड घालून माझं ओकलेलं चाटलं, तिथेच आडवं झालं.

शनिवार, ४
संपादकांना फोन केला. जीभ चपलेच्या तळव्यासारखी. त्यांनी विचारलं, सकाळीच घेतलीस का रे? डॉक्टरांनी हळूच फोन काढून घेतला. म्हणाले, पंडितजी थकलेत, ठेवून घेतो. संपादकांनी त्यांचे आभार मानले.

रविवार
पिशवी घेऊन फाटकाशी गेलो. नत्थुजी कळवळून म्हणाला, सारेच असं म्हनतात सायेब, मले काई झालं नाई म्हून. वरणाला हात लावला नाही. डॉक्टरांच्या मते अन्नावर संशय हे लक्षणच. मग दोघांनी धरलं. सुई —

बहुधा बुधवार
लाळ कागदावर पडते. शाई फुटते. इनायतुल्लांनी बाहीने माझं तोंड पुसलं, त्याच ओल्या बाहीने. किळस आली नाही. हेच —

अंगठा थांबत नाही. पेन मधे आहे म्हणून —

?
संपादकांनी नवा माणूस धाडलाय. माझी लेखमाला पुरी करायला. चांगला आहे. हसतो. व्हरांड्यात विचारत होता, कापूस कुठाय —

पंगत. शेजारीच बसलाय. सांगायला हवं. जीभ नाही. कोपर आहे —

सांडली. रागावला नाही. हसला. पुन्हा वाढून घे —