नामपुरातला कार्यक्रम

पंचवटी, नाशिक
दि. १४ नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मी इकडे बरी आहे. तुळशीची लग्नं लागली आणि आमच्या ऑर्केस्ट्राची धावपळ सुरू झाली. एक बातमी वाईट आहे. माझ्याबरोबर गाणारा हिरामण सोडून गेला. त्याच्या बायकोला हे गावोगाव फिरणं नको होतं, आता तो सासऱ्याच्या दुकानात बसतो. नवा गायक मिळेना, म्हणून आमचे मालक कारभारीअण्णा मलाच दोन्ही आवाजांत गायला लावतात. पुरुषाच्या ओळी जाड आवाजात, बाईच्या माझ्या आवाजात. लोक शिट्ट्या मारतात. माझी मात्र गाताना शेजारी वळून बघायची सवय जात नाही.

चांगली बातमी अशी, की २८ तारखेला आपल्या नामपूरलाच कार्यक्रम आहे. कांद्याच्या व्यापाऱ्याच्या मुलाची हळद! मी अण्णांना आत्ताच बजावलंय, की टेम्पोतून परत येणार नाही, दोन दिवस माहेरी राहणार. वहिनीला सांग, कळण्याची भाकरी आणि ठेचा हवा. तुझी पल्लवी किती मोठी झाली तेही बघायचंय. खोलीवर एकटीसाठी चूल पेटवायचा कंटाळा येतो, बरेचदा चहा-पावावर भागवते. हे तेवढं वहिनीला सांगू नकोस, नाहीतर माझ्या लग्नाचा विषय काढेल.

धाकटीवर आहे तेवढा लोभ राहू द्यावा.
तुझी शुभांगी

नामपूर, ता. बागलाण
दि. १९ नोव्हेंबर १९९७

चि. शुभांगीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. घरी सर्व क्षेम. पुढचं लिहायला मन धजत नाही, तरी लिहितो. पल्लवीचं सटाण्याला जमत आलंय. मुलगा शाळेत मास्तर आहे. तू नाशकात नोकरी करतेस असं मी त्यांना सांगून बसलोय. मुलाचा मामा त्या व्यापाऱ्याच्या नात्यातला, तेव्हा ती मंडळी हळदीला येणार आणि घरीही डोकावणार. आधी स्टेजवर आणि मग आमच्या घरात तू दिसलीस, तर विषय निघेल.

तुझ्या गाण्यात वाईट काही नाही, हे मला कळतं. लोकांना कसं कळवू? या खेपेला घरी येऊ नकोस. संक्रांतीला ये, चांगली आठ दिवस राहा. तुझ्या वहिनीला मी तू येणार असल्याचं सांगितलेलं नाही. ती माझ्याशी भांडेल.

पावावर राहत जाऊ नकोस.

रागावू नये. आशीर्वाद आहेतच.
तुझा दादा
समाधान

पंचवटी, नाशिक
दि. ३० नोव्हेंबर १९९७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रागावले नाही. पल्लवीचं जमायलाच हवं. कार्यक्रम चांगला झाला. निवेदकाला सांगून माझं नाव मिस रूपाली असं घ्यायला लावलं. तोंडाला रंगही जास्तच फासला होता. टेम्पो आपल्या गल्लीच्या तोंडावरून गेला तेव्हा वहिनी ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. मी मान फिरवली.

स्टेजवरचे दिवे डोळ्यांवर असले, की दोन रांगांपलीकडे काही दिसत नाही. त्यामुळे तू आला होतास का, ते कळलं नाही. मधेच मंडपाच्या मागे कसला तरी गलका उठला. अण्णांनी थांबू नको अशी खूण केली, म्हणून मी गात राहिले. नंतर आम्हा वाजवणाऱ्यांची पंगत बसली. वाढणाऱ्या म्हातारीने मायेने विचारलं, की पोरी, तू कुठली. मी नाशिकची म्हणाले. आमटी अगदी आपल्या घरच्यासारखी होती.

संक्रांतीचं बघते. त्या दिवसांत कार्यक्रम असतात.

वहिनीला नमस्कार सांगता आला तर सांग. विसर पडू देऊ नये.
शुभांगी

नामपूर
दि. ९ डिसेंबर १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझे दादा, म्हणजे आमचे नाना, लिहायचे नाहीत, म्हणून आईने मला लिहायला बसवलंय. तू गावात येऊन गेलीस, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं. नाना हळदीला गेले होते, मागे उभे होते. सटाण्याच्या मुलाचा मामा तुझ्याकडे बघून काहीतरी घाण बोलला आणि भोवतीचे हसले. तेव्हा नाना म्हणाले, की ती मनी धाकली बहीन शे. स्वतःची बहीण म्हणतात, ही त्याला थट्टाच वाटली. मग नानांनी तुझं नाव घेऊन, आजोबांचं नाव घेऊन मोठ्यांदा सांगितलं. बाचाबाची झाली, लोकांनी दोघांना ओढून बाजूला केलं. तू लिहिलंस तो गलका हाच.

सटाण्याहून नकार आला. आत्या, खोटं कशाला लिहू, मुलगा मला आवडला होता. तुझा राग आला, नानांशीही मी बोलत नव्हते. संध्याकाळी ओट्यावर त्यांच्याजवळ चार माणसं बसायची, ती आता यायची थांबलीत. ते एकटेच रस्त्याकडे बघत बसतात. आईने तर त्यांना स्पष्ट सांगितलं, की बहिणीला घरी येऊ दिलं नाहीत, त्याला ही एवढी शिक्षा पुरेशी नाही.

काल मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. विचारलं, की आत्या खरंच छान गाते का. ते म्हणाले, की त्या गोंधळात आपल्याला गाणं काही ऐकूच आलं नाही.

संक्रांतीपर्यंत थांबू नकोस, आई वाट बघते आहे. मीही. मोठी माणसं लहानांवर करतात ती माया करावी.
तुझी पल्लवी