डब्यातला बंद फोन

प्रिय बडबडे,

हे नाव तुला मीच ठेवलं. बोलायला लागलीस तेव्हापासून तुझ्या तोंडाचा पट्टा कधी थांबला नाही, आणि आता ‘हो’, ‘नाही’, ‘भूक नाही’ यापलीकडे तू माझ्याशी बोलत नाहीस. शिंप्याच्या हातात सुईऐवजी पेन आलं की अक्षर असं वाकडंतिकडं येतं, तेव्हा हसू नकोस. किंवा हस. हसलीस तर मला बरंच वाटेल.

घरची बातमी काय सांगू, तू भिंतीपलीकडेच राहतेस. आईची इस्पितळातली संध्याकाळची पाळी अजून संपलेली नाही. परवा कामावरून आल्यावर तिनं विचारलं, आपली पोरगी हल्ली खोलीत का जेवते? मी साळसूदपणे म्हणालो, वयच तसं आहे. ती दमलेली होती, तिनं मान्य केलं.

बिस्किटांच्या त्या पत्र्याच्या डब्याचा नियम माझाच. जेवायच्या आधी सगळ्यांचे फोन आत, झाकण बंद, डबा फ्रीजवर. गल्लीभर मिरवलंही मीच. गिऱ्हाइकाच्या बाह्या मापता मापता उपदेश करायचो, की घरात शिस्त आधी मोठ्यांनी पाळावी लागते. आणि डब्यात ठेवायचो काय, तर काच तडकलेला, कधीचाच बंद पडलेला जुना फोन. खरा मांडीवर, टेबलाखाली. त्यात तरी असं काय होतं? मी शिवलेल्या कोटांचे फोटो, आणि त्याखाली अनोळखी माणसांची वाहवा. काय सुरेख काजं केलीत, उस्ताद! जन्मात मला कुणी उस्ताद म्हटलं नव्हतं गं. घासाघासाला खाली बघायचो. आता लिहितानाही लाज वाटते.

तू ताट घेऊन खोलीत जायला लागलीस, तेव्हा मी दारावर थाप मारून ओरडलो, नियम म्हणजे नियम, फोन डब्यात टाक आणि बाहेर ये. तू आलीस. डबा खाली काढलास, त्यातला तो बंद फोन उचललास, माझ्या शिलाई मशीनवर खडूशेजारी ठेवलास आणि परत गेलीस. आईला यातलं काही सांगितलं नाहीस. बापाची अब्रू तू झाकलीस, आणि बापाला वाटलं, माझी चोरी कळली म्हणून रुसलीये, चार दिवसांत निवळेल. मी तर आणखी एक नियम काढायच्या बेतात होतो, बघ माझी कमाल.

काल तुझ्या वर्गशिक्षिका दुकानात कोट सैल करून घ्यायला आल्या. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसता ‘हं, हं’ करत होतो. त्या म्हणाल्या, मुलींनी वर्गाचा नवा ग्रुप काढला आणि तुला एकटीला बाहेर ठेवलं. तेव्हापासून तुझ्याशी कुणी बोलत नाही, मधल्या सुट्टीत तू जिन्याखाली एकटी बसून खातेस. घरी सांगितलंस का, असं त्यांनी तुला विचारलं होतं. तू म्हणालीस, सांगितलं, जेवताना. बाबा म्हणाले, वा, छान.

मला ते आठवतही नाही, बडबडे. मी तसं म्हणालो असणार, कारण तू खोटं बोलत नाहीस, पण मला आठवत नाही, आणि तेच मला खातंय. केवढा धीर गोळा करून तू तोंड उघडलं असशील! काल आईला सगळं सांगितलं, डब्यासकट. ती माझ्याशी बोलत नाहीये, ते बरोबरच आहे. हे पत्र तुझ्या शाळेच्या डब्यावर रुमालाखाली ठेवतोय, कारण जिन्याखाली तुझ्यासोबत कुणीतरी असायला हवं. माफी लगेच देऊ नकोस. फक्त आज जेवायला बाहेर ये आणि ते सगळं पुन्हा सांग, अगदी पहिल्यापासून. माझे दोन्ही हात टेबलावर असतील.

तुझाच,
बाबा