चिकटपट्टी लावलेली कॅसेट

ता. १४, गुरुवार

चि. बाळास,

बाबांचे आशीर्वाद. मी ठीक आहे. गुडघा होता तसाच. तू पाठवलेलं मलम लावतो, पण त्याचा वास दुकानभर होतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. तुझा खोकला गेला का? गाणाऱ्या माणसाने खोकला अंगावर काढू नये. गॅस बंद केल्यावर परत एकदा बघत जा.

तुझं पुस्तक वाचून झालं. मी सातवीपर्यंत शिकलेला, मला महिना लागला. रोज चार पानं, दुकान उघडायच्या आधी. किती उद्योग केलेस रे. स्वतःच भिंतींवर पोस्टरं चिकटवलीस, पिशवीतून कॅसेटी विकल्यास, जाहिरातींच्या ओळी लिहिल्यास, शाळेत गिटार शिकवलीस, वर्तमानपत्रात लिहिलंस, आणि दर दोन वर्षांनी नवा बँड. तीस माणसांपुढे गायलास आणि त्यातले नऊ जण वाद्यं उचलायला आलेले होते, ते पान मी दोनदा वाचलं. 'इंडी' म्हणजे कुठल्याच कंपनीचं नसलेलं, असं तू सांगितलंस तेव्हा मी विचारलं होतं, मग पगार कोण देतो? तेही छापलंयस. छाप, माझी हरकत नाही.

हरकत आहे ती पान एकशे बाराला. लिहू की नको, यात आठ दिवस गेले.

तुमच्या पहिल्या बँडात ड्रम वाजवणारा लंबू गेला, हे तुला कळलं असेलच. छातीत दुखलं आणि बसल्या जागी गेला. तू आला नाहीस. एकवीस वर्षं तुमचं बोलणं नव्हतं, तर येणार कसा. मी गेलो होतो. मागेच उभा राहिलो.

परवा त्याची बायको दुकानात आली. पिशवीत तुझं पुस्तक, ते पान दुमडलेलं.

"काका, हे यांच्याबद्दलच आहे ना?"

मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता.

"हे शेवटपर्यंत म्हणायचे, कॅसेट मी काकांच्या हातात दिली. मी भांडायला नाही आले. पण यांनी वाजवलेलं घरात काहीच नाही. मुलीला ऐकवायला काहीतरी हवं होतं."

तू लिहिलंयस, 'आमच्या गाण्यांची एकच प्रत होती, ती मित्राने हरवली आणि खापर माझ्या बापावर फोडलं. जो बाप दुसऱ्याचा स्क्रूसुद्धा डबीत जपून ठेवतो, त्याच्यावर.'

स्क्रूचं खरं आहे.

आता बाकीचं. लंबू आला तेव्हा मी दुरुस्तीला आलेल्या एका टेपरेकॉर्डरचं हेड साफ करत होतो. म्हणाला, "काका, ही त्याला द्या. सोमवारी कंपनीवाल्यांना ऐकवायची आहे. एकच आहे, जपा हं." मी मान हलवली आणि टेबलावर ठेवली. मशीन रेकॉर्ड करतं का हे बघायला मी हाताला येईल ती कॅसेट घालायचो, हे तू पाहिलेलं आहे. कॅसेटच्या पाठीवरची छोटी पट्टी मोडली की तिच्यावर रेकॉर्ड होत नाही. लंबूने ती मोडूनच आणली होती. शहाणा पोरगा. पण माझ्याकडच्या सगळ्याच जुन्या कॅसेटींची पट्टी मोडलेली असायची, आणि मी त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो. हिच्यावरही लावली. हाताची सवय. बटण दाबलं, एक दोन तीन म्हणालो, आणि मशीन तसंच चालू ठेवून दुसऱ्या कामाला लागलो.

मग तू आलास. "बाबा, लंबू काही देऊन गेला का?" तेव्हा माझं लक्ष मशीनकडे गेलं. कॅसेट फिरत होती, गाणी पुसली जात होती. बंद करायला हात पुढे केला असता तर तू विचारलं असतंस, काय आहे ते. मी म्हणालो, "नाही बुवा." तू गेल्यावर बंद केलं.

दुसऱ्या दिवशी तुम्ही दोघं दुकानासमोर भांडलात. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "काका, सांगा ना याला." मी एका तारेला सोल्डरचा डाग देत राहिलो. त्या तारेला डागाची गरजही नव्हती.

भ्यालो होतो, हे तर आहेच. पण थोडं बरंही वाटलं होतं, बाळा. वाटलं, सुटलो एकदाचे, आता पोरगा नोकरी बघेल. तुझी आई म्हणायची, तुम्ही नेहमी अर्धंच सांगता. हे उरलेलं अर्धं.

कॅसेट मी टाकली नाही. परवा लंबूच्या बायकोला स्टुलावर बसवून लावली. आधी माझे एक दोन तीन. मग पंखा, रस्ता, पक्कड ठेवल्याचा आवाज. मग तुझा आवाज, तेव्हाचा, कोवळा. मग माझं "नाही बुवा." मग खट्. आणि लगेच लंबूचे ड्रम. तीन गाणी शाबूत आहेत. त्या सोमवारी तेवढीही पुरली असती.

 संपल्यावर ती म्हणाली, "परत लावा."

"गाण्यांपासून?"

"नाही काका. सुरुवातीपासून."

तिला प्रत करून दिली. मूळ कॅसेट सोबत पाठवतो आहे. चिकटपट्टी काढली आहे. पुस्तक पुन्हा छापायला जाणार म्हणाला होतास, त्याआधी पान एकशे बारा बदल. कसं लिहायचं ते तुला कळतं. मला सांभाळून घेऊ नकोस. त्याच्या मुलीला वाचता येतं.

ऐकशील तेव्हा माझं बोलणं येईल, टेप पुढे पळवून ते टाळू नकोस. लंबू त्याच्यानंतर आहे.

शेवटी पुन्हा आशीर्वाद लिहायचा असतो. हात होत नाही. म्हणून नुसतंच,

बाबा