घर असताना हॉल कशाला

आई,

काल तुझ्या नातीला घेऊन एडिनबराला गेले होते, युनिव्हर्सिटी बघायला, तिथल्या ओपन डेला. तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती, आणि आता तिला घर सोडून जायची घाई झाली आहे. ओपन डे म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आपल्या ग्लासगोतल्या युनिव्हर्सिटीचा असला की तू आदल्या दिवशी केस धुवायचीस, आणि सकाळी कडक इस्त्रीचा एप्रन घालून हॉलच्या, म्हणजे पोरांच्या वसतिगृहाच्या, डायनिंग रूममध्ये काउंटरमागे उभी राहायचीस. काल मी काउंटरच्या अलीकडे होते, गळ्यात 'पेरेंट' असं कार्ड अडकवून, आणि सबंध दिवस माझा जळफळाट होत होता.

कोणावर, असं विचारशील. आधी तुझ्या नातीवरच. मुलांना विषयांची माहिती द्यायला दुसरीकडे नेलं आणि आम्हा आईबापांना एका मोठ्या सभागृहात बसवलं. एक हसऱ्या बाई मुलांना काय काय मिळणार ते पडद्यावर दाखवत होत्या. पहिल्या वर्षी हॉलमध्ये स्वतःची खोली. एकटं वाटलं तर बोलायला माणूस. अभ्यास जड गेला तर वरच्या वर्गातला सोबती. तिसरं वर्ष हवं तर परदेशात काढा, आणि विषय आवडला नाही तर पहिल्या वर्षानंतर बदला, कोणी रागावणार नाही. शेजारी बसलेल्या गृहस्थांना मी म्हटलं, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. ते कौतुकाने मान हलवत म्हणाले, "लकी, आरन्ट दे?" मी हो म्हटलं खरं, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. पोटच्या पोरीचा हेवा करू नये हे मला कळतं. वाटतो, त्याला काय करू?

मला प्रवेश मिळाला ती संध्याकाळ तुला आठवत असेल. तू पोळ्या करत होतीस. माझ्या मैत्रिणी हॉलमध्ये राहणार होत्या, तू काम करायचीस त्याच हॉलमध्ये, म्हणून मी भीत भीत विषय काढला. तू लाटणं न थांबवता म्हणालीस, "घर असताना हॉल कशाला? मी रोज बघते ना, पहिल्या आठवड्यात ती पोरं कशी रडतात ते." आणि शेवटची, जरा जास्त भाजलेली कडक पोळी माझ्या ताटात टाकलीस, कारण मला तशीच लागते हे तुला माहीत. विषय संपला. मग पदवी मिळेपर्यंत मी बसने जात-येत राहिले. सकाळी मी उठायच्या आत तू निघालेली असायचीस, त्या रडणाऱ्या पोरांना न्याहारी द्यायला. माझी न्याहारी ओट्यावर झाकलेली असायची. तीही गारच.

आणि मग तो दिवस. एक मैत्रीण मला तिची पाहुणी म्हणून हॉलमध्ये न्याहारीला नेते. मी ट्रे घेऊन रांगेत उभी आहे आणि पलीकडे तू आहेस, पण ही तू मी कधी पाहिलेलीच नाही. गाल लाल झालेत, हसतेयस, आपल्या पुणेरी इंग्रजीत एकेकाची विचारपूस करतेयस. "हेन, एक्झाम टुडे? टेक टू एग." इथल्या बायका मुलींना लाडाने हेन म्हणतात, तू मुलग्यांनाही म्हणतेस आणि तेही खुशाल ऐकून घेतात. एकाला बीन्स अंड्याला लागलेल्या चालत नाहीत, त्याला तू न विचारता वेगळ्या वाटीत देतेस. मग माझी पाळी येते. तू माझ्याकडे बघतेस, एक अंडं आणि दोन पांढरेफटक टोस्ट ठेवतेस, आणि म्हणतेस, "नेक्स्ट."

घरी आल्यावर मी आकांडतांडव केलं. तू पाय गरम पाण्यात सोडून बसली होतीस. "तिथे सगळ्यांदेखत तुझे लाड करू? तिथे तू पाहुणी," म्हणालीस. "घरी आहेच ना मी." अगं, घरी कुठे होतीस? घरी यायची ती पाय सुजलेली, डोळे मिटून बसलेली बाई. हसरी आई त्यांच्या वाट्याला जायची, आणि उरलेली माझ्या. त्या वर्षाच्या शेवटी तू मला टेबल-लॅम्प आणून दिलास, कोणीतरी खोली रिकामी करताना टाकून गेलेला. चांगला होता, तुझा जीव होता त्यात. तरी मी म्हटलंच, माझा दिवासुद्धा त्यांचाच का? लॅम्प मात्र अजून आहे, त्याच्याच उजेडात लिहितेय.

काल दुपारी हॉल बघायला गेलो. तुझी नात प्रत्येक खोलीत शिरून सांगत होती, इथे माझा बेड, इथे माझा फ्रेंड्सचा फोटो. मी कपाटाची दारं ओढून बघत होते, खिडकीला फट आहे का, नळाला गरम पाणी किती वेळाने येतं, असले प्रश्न आम्हाला फिरवणाऱ्या मुलाला विचारत होते. शेवटी ती म्हणालीच, "आई, यू आर बीइंग वियर्ड. तुला हे लाइक नाही करायचंच आहे." मग डायनिंग रूम. तोच वाफेचा आणि बेकनचा वास, तसाच काउंटर, आणि मागे माझ्याच वयाची एक बाई, चष्मा दोरीने गळ्यात. तिने तुझ्या नातीकडे बघून म्हटलं, "व्हॉट कॅन आय गेट यू, हेन?" आणि घरी 'हं'च्या पुढे न जाणारी आपली ही पोर तिच्याशी घडाघडा बोलायला लागली. कुठून आली, कुठला विषय घेणार, काय नि काय. बाई हसत होती. फुकटात स्कोन दिला, वर जॅमचा जास्तीचा चमचा.

आई, त्या मिनिटाला मुलीवरची माझी जळजळ विझली आणि त्या बाईवर भडकली. ही रोज सकाळी माझ्या पोरीचा चेहरा बघणार. तिची परीक्षा कधी ते हिला माझ्या आधी कळणार. त्या बाईला माझ्या तोंडावरून काहीतरी समजलं असावं. म्हणाली, "डोन्ट यू वरी, मम, आय'ल लुक आफ्टर हर. एनिथिंग आय शुड नो?" मी म्हटलं, नाही, सगळं खाते ती.

परतीच्या ट्रेनमध्ये पोरीने विचारलं, "सो? मी हॉलमध्ये राहू का? रोज ट्रेनने पण जमेल, आय नो. पण मला नाही पाहिजे तसं." तासाभराचा तर प्रवास. तुझं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, फक्त तोंड उघडायचं बाकी होतं. आणि तेव्हा लक्षात आलं की तू ते कुठे उभी राहून शिकलीस. दुसऱ्यांच्या मुली हळूहळू आपल्या कशा होतात, ते तू त्या काउंटरमागून रोज बघत होतीस. स्वतःची मुलगी तू कोणाला देणार नव्हतीस. पोरं रडतात हे खरं असेल, पण एवढंच खरं नव्हतं. हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी इतकी वर्षं चरफडले नसते. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, "राहा." तिने मला घट्ट मिठी मारली आणि लगेच फोन काढून मैत्रिणींना कळवायला बसली.

हे पाठवायचा प्रश्नच नाही. पोरीला मराठी वाचता येत नाही, म्हणून टेबलावर उघडं पडलं तरी चालेल. तेव्हा एक सांगूनच टाकते. तिला टोस्ट करपायच्या बेतात आलेला लागतो, आणि लोणी तो गार झाल्यावर, म्हणजे वितळत नाही, गोळा राहतो. त्या बाईने विचारलं तेव्हा हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं.