लाल अक्षरं फक्त सोनमसाठी

ती. अमृतदादास,

सोनमचा नमस्कार. तू, तुझी चौकी आणि थंडीनं सुजणारी तुझी पायाची बोटं, सगळं ठीक असावं. इकडे जतला टँकर एक दिवसाआड येतो, आबा मेंढरं घेऊन फलटणकडे उसाच्या मोकळ्या रानात गेलेत, आणि मी बी.ए. झाले हे आई टँकरच्या ड्रायव्हरला अजून दर खेपेला सांगते.

आता तुझ्या फाइलीबद्दल. चौकीवर फोन लागत नाही, म्हणून तू टाइप केलेल्या पत्राची फाइल खाली येणाऱ्या जवानाबरोबर पाठवणार, घरच्यांसाठीचं काळ्या अक्षरांत आणि फक्त माझ्यासाठीचं लाल, असं मागच्या रजेत आपलं ठरलं. मी लगेच "चालेल" म्हणाले. मला दिसत नाही हे आपल्या घरात कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि त्या दिवशी तर माझ्याही राहिलं नाही. (वाटलं, हातात पदवी आणि लॅपटॉप असल्यावर रंगाचं ते काय मोठं.)

फाइल आली. आई पदर सावरून लॅपटॉपसमोर बसली, शेजारचे कोंडीबामामा उंबऱ्यावर तंबाखू मळत. स्क्रीन रीडर एका सुरात वाचू लागला, की मी मजेत आहे, जेवण चांगलं आहे, आणि त्याच दमात, रजा नामंजूर झाली, यात्रेला येणं होत नाही, आईला इतक्यात सांगू नको, ती रडेल. मला बटण सापडेपर्यंत सगळं वाचून झालं होतं. मामा म्हणाले, "ह्या मशिनीच्या पोटात काय ऱ्हात न्हाई गं." आई म्हणाली, "मी कुठं रडतीया? वाच फुडं." मग भाकरीचं निमित्त काढून आत गेली. चूल पेटल्याचा वास मात्र बराच वेळ आला नाही.

नंतर सांगलीच्या प्रशिक्षणात शिकवलेलं आठवलं. इन्सर्ट आणि एफ ही बटणं एकदम दाबली की यंत्र अक्षराचा आकार, जाडी आणि रंगही सांगतं. आता मी सेटिंगच बदललंय; रंग बदलला की ते आपणहून बोलतं. पण एका ओळीला ते "नारिंगी लाल" म्हणतं. दादा, तुझं बोट घसरलं का? नारिंगी लाल म्हणजे अर्धंच सांगायचं? ओळ अशी आहे: पहाटे गस्तीला निघताना आई हाक मारतेय असं वाटतं. मी दोन दिवस विचार केला आणि आईला ऐकवली. तिनं ती सात वेळा लावायला सांगितली.

तेव्हा काळजी नसावी. पुढच्या वेळी हवी तेवढी गुपितं लिही. रंग ओळखायला आता मला कुणाचे डोळे लागत नाहीत.

तुझी,
सोनम

ता. क. हिरवा वापरणार असलास तर त्याचा अर्थ आधी कळव.

आणखी ता. क. खरं तर टाइप करूच नको. मोबाइलमध्ये तुझ्या आवाजात बोल आणि त्याच जवानाबरोबर पाठव, लाल-काळं सगळं एकत्र. आईला ऐकू दे. हे यंत्र "रजा नामंजूर" आणि "आई" सारख्याच सुरात म्हणतं. काल मी दारात होते, तर आई लॅपटॉपसमोर बसून विचारत होती, "आन् तू जेवलास का रं?" ती उठल्यावर, यंत्र चालू आहे का ते मी हात लावून पाहिलं. लॅपटॉप गार होता.