दोन पिशव्या आणि एक जंतू

प्रिय बबडे,

घरात फोन असताना आईने पत्र का लिहिलं, म्हणून तू घाबरली असशील. आम्ही दोघंही बरे आहोत. पण आपल्या घरचा फोन तुला माहीतच आहे. तो तुझ्या बाबांच्या खिशात असतो आणि अख्ख्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात चालतो. मला जे सांगायचंय ते त्यांच्या देखत सांगता येणार नाही. ते आत्ता सलूनमध्ये दाढीला गेलेत. तिथे राजकारणावर बोलायला माणसं मिळतात, त्यामुळे मला भरपूर वेळ आहे.

गेल्या खेपेला तू त्या दोन चंदेरी पिशव्या घेऊन आलीस, आठवतं? पोटात घर करणारा एक जंतू असतो, कित्येकांच्या पोटातली जखम त्याच्यामुळेच होते, आणि एकाच घरात तो कोणाला छळतो, कोणाला नाही, हे तुमची प्रयोगशाळा शोधते आहे, असं तू समजावलंस. औषध प्यायचं, अर्धा तास थांबायचं, पिशवीत फुंकायचं आणि नाव चिकटवून पाठवायचं. मी मनातून खूश झाले. लग्न झाल्यापासून यांची पोटदुखी माझ्या तिखटाच्या नावावर जमा आहे. तिखट कमी केलं, तेव्हा माझ्या जिभेच्या तिखटावर ठपका आला. जंतू सापडला तर माझी सुटका होणार होती! जाता जाता तू म्हणालीस, बाबांच्या पिशवीत जंतू निघाला तर घशातून नळी घालून पोटात कॅमेरा सोडावा लागेल. तेव्हा तुझ्या बाबांचा चेहरा पाहिलास का? मीही नाही पाहिला. मी तुझा डबा भरत होते.

खालच्या मजल्यावरच्या शिंपीकाकांची ती तपासणी झाली आहे. त्यांच्या मते ती नळी बागेला पाणी घालायच्या नळीएवढी असते. आणि इथे हा माणूस, ब्रश जरा आत गेला तरी असा ओकाऱ्या काढतो, की शेजारी दार वाजवून विचारतात!

आम्ही दोघांनी पिशव्या फुंकल्या. पाठवायचं काम अर्थातच त्यांनी घेतलं. मालगोदामात हयात गेलेली. ‘माझ्या हातून उभ्या नोकरीत एक लेबल चुकलं नाही’ हे वाक्य ऐकतच तू लहानाची मोठी झालीस. मला तर कात्रीलाही हात लावू दिला नाही.

मग तुझा फोन आला. बाबांची पिशवी स्वच्छ आणि आईच्या पिशवीत जंतूच जंतू. तुला काळजी वाटत होती, पण खरं सांग, आनंदही झाला होता. एवढे जंतू असून बाईला कधी साधं पोट दुखलं नाही, अशी केस शोधून सापडत नाही म्हणालीस, परिषदेत मांडणार म्हणालीस. मीही समोरच्या वहिनींना सांगून आले, की मी परिषदेत मांडली जाणार आहे. पण मग तुला मावशी आठवली. माझी सख्खी बहीण पोटाच्या कॅन्सरने गेली, तेव्हा आईचीही कॅमेऱ्याची तपासणी करून घेऊ, असं तू ठरवलंस आणि इथल्या दवाखान्यातला दिवसही पक्का केलास.

त्या दिवसापासून तुझे बाबा बदलले. जेवताना म्हणाले, “भाजी छान झाली आहे.” माझ्या हातातला डाव खाली पडला. दुसऱ्या दिवशी चहा करून आणला, तोही साखर घालून. माझ्या चपला पुसून ठेवल्या. या माणसाने भाजीची स्तुती केली म्हणजे आपले दिवस भरले, असंच मला वाटलं. तुम्ही बापलेक माझ्यापासून काहीतरी लपवताय, अशी खात्री झाली. घाबरले गं. ताईचे शेवटचे महिने डोळ्यांपुढे यायला लागले. पुढे तुला शोधाशोध नको म्हणून मी कपाटसुद्धा आवरून ठेवलं.

दवाखान्यात नर्सने माझं नाव पुकारलं. मी चष्मा काढून यांच्या हातात दिला आणि उठले. तर हे माझ्याही आधी उभे. “थांबा. ही ठणठणीत आहे. नळी मला घाला.” नर्सला वाटलं, म्हाताऱ्याचं बायकोवर फार प्रेम. ती म्हणाली, “आजोबा, इथे बदली चालत नाही हो.” तेव्हा हे खाली बघून पुटपुटले, “लेबलं मी उलटी चिकटवली. हिला कुठे काही दुखतंय, हिला नुसत्या गोळ्या देऊन सोडतील असं वाटलं.”

मला इतका राग आला, की हातातली फाइल डोक्यात घालावीशी वाटली. तेवढ्यात डॉक्टरांनी यांना विचारलं, शेवटचं कधी खाल्लंत? काल संध्याकाळपासून पाणीही नाही, म्हणाले. मला आपलं वाटत होतं, तपासणीला रिकाम्या पोटी यायला सांगितलंय, म्हणून माझ्या सोबतीला उपाशी राहिलेत. ठरवून आले होते गं ते. फक्त तोंडातून शब्द फुटायला दारापर्यंत जावं लागलं. आत जाईपर्यंत माझा हात सोडला नाही. आतून जो आवाज आला, तो दात घासतानाच्या आवाजापेक्षा कमीच होता.

जुनी जखम निघाली, जंतूंनीच केलेली. तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट काल आला. दुसरं काही नाही. तपासणीच्या दिवशी ते तुला फोनवर “सगळं ठीक” म्हणाले ते खोटं नव्हतं, फक्त कोणाचं ते सांगितलं नाही. गोळ्या चालू आहेत. माझ्यासमोर गिळायला लावते. मधेच सोडल्या तर जंतू शिरजोर होतो, हे तू सांगितलेलं मी त्यांना रोज ऐकवते.

आता मुद्द्याचं. “पोरीला सांगू नकोस” म्हणून त्यांनी मला गळ घातली आहे. पण पुढच्या आठवड्यात तुझी परिषद आहे, आणि जिच्याबद्दल तू उभं राहून बोलणार आहेस, ती अद्भुत बाई अस्तित्वातच नाही. तेव्हा तुझ्या नोंदीत आमच्या दोघांची नावं एकमेकांच्या जागी घाल, आणि दोन नव्या पिशव्या पाठव; या वेळी लेबलं मी लावीन. एक मात्र माझ्यासाठी कर. बाबांना फोन करून सांग, की नावांची अदलाबदल तुमच्याच प्रयोगशाळेत झाली. मग घसा खाकरून ते म्हणतील, “असू दे, होतं असं. माझ्या हातून मात्र उभ्या नोकरीत एक लेबल चुकलं नाही.” तेव्हा हसू नकोस, बबडे. मीही शेजारी उभी राहून हसणार नाही. भीतीपोटी त्यांनी मला पुढे केलं हे खरं, पण माझ्या नावाने हाक आली तेव्हा उठून उभे तेच राहिले.

तुझीच, निरोगी निघाल्यामुळे संशोधनाच्या काही उपयोगाची न राहिलेली,
आई